पेल्याचे मोल

मागील वर्षी पुण्यास गेलो असता पुतण्याने मला एका बिअरगृहात नेले. तेथील बिअर बाटलीतून येत नाही. काचेच्या भिंतीपलीकडे उभ्या असलेल्या पोलादी पिंपांत ती तेथेच तयार होते. रंग गढूळ मधासारखा, चव कडवट, मागाहून संत्र्याच्या सालीचा किंचित वास. एका पेल्याचे करासकट साडेचारशे रुपये झाले. बाहेर पडताना त्याने विचारले, "काका, पैसे वसूल झाले का?" मी तत्काळ "झाले" म्हणालो. इतक्या सहजपणे दिलेले ते उत्तर पुढे कित्येक दिवस माझ्या मनात सलत राहिले. मद्यपान योग्य की अयोग्य, हा वाद मी येथे उकरून काढीत नाही. आपल्या मंडळात त्या प्रश्नावर दोन पक्ष आहेत आणि दोन्ही पक्षांतील मंडळी माझ्या घरी चहाला येतात.

बिअर महाग असू शकते, ही कल्पनाच आपल्या गावाला परकी आहे. केंद्रशासित प्रदेशातील कर कमी, आणि शेजारच्या गुजरातेत राज्यस्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी. शनिवारी संध्याकाळी वापीच्या बाजूने येणाऱ्या गाड्यांची रांग आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. तीच बाटली सीमेच्या अलीकडे एका भावाची, पलीकडे चोरून विकली तर कितीतरी अधिक भावाची. आतले पाणी आणि सातू तेच. तेव्हा किंमत वस्तूच्या अंगी असते, या समजाला सिल्वासाकर तरी सहसा फसू नये. आपला परगणाच मुळी एका जहाजाच्या नुकसानभरपाईपोटी दिलेला. मराठ्यांनी पकडलेल्या पोर्तुगीज जहाजाच्या बदल्यात १७८३ साली नगर हवेलीतील गावांचा महसूल पोर्तुगिजांकडे गेला. त्या व्यवहारात कोणाचे पैसे वसूल झाले, हे १९५४ पर्यंत येथे राहिलेल्यांना विचारावे लागले असते.

तरीही पुण्यातील त्या पेल्याची किंमत निव्वळ लूट आहे असे म्हणवत नाही. मोठे कारखाने लाखो लिटर बिअर एकाच चवीची काढतात आणि खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी सातूच्या जोडीला पुष्कळदा तांदूळ किंवा मका वापरतात. लहान उत्पादक सातूच्या माल्टवर भर देतो. कडवटपणासाठी लागणारी हॉप्सची फुले बहुधा परदेशातून मागवतो. पाचशे-हजार लिटरचा घाणा दोन-तीन आठवडे सांभाळतो, आणि तो बिघडला तर सगळाच्या सगळा ओतून देतो. शिवाय जागेचे भाडे, परवाना, कर. पुण्यात २००९ साली 'डूलाली' नावाचे असे बिअरगृह सुरू झाले, आणि ही टूम आपल्याकडे रुजवणाऱ्या पहिल्या काही ठिकाणांत त्याची गणना होते. (हे नाव मूळचे आपल्या देवळालीचे. तेथील छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहून वेडावलेल्या गोऱ्या सोल्जरांवरून इंग्रजीत हा शब्द वेडसर या अर्थाने रूढ झाला.)

चवीचे काय, असे कोणी विचारील. जिभेची साक्ष मात्र फारशी भरवशाची नाही. अमेरिकेतील काही संशोधकांनी बिअरमध्ये व्हिनेगरचे थेंब टाकून ती लोकांना दिली आणि २००६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना काही सांगितले नव्हते, त्यांतील पुष्कळांना तीच अधिक आवडली. ज्यांना आधी सांगितले, त्यांनी नाके मुरडली. ज्यांना पिऊन झाल्यावर सांगितले, त्यांची आवड मात्र फारशी ढळली नाही. म्हणजे आपण पितो ते काही अंशी आपल्याला ठाऊक असलेलेच पितो. मला यात लबाडी दिसत नाही. आईने पहाटे उठून केलेल्या पोळीची चव अशीच असते. काचेपलीकडची पिंपे पाहिली, राबणारी माणसे पाहिली, आणि मी त्या श्रमाला साडेचारशे रुपये दिले.

येथवर हिशेब जुळत होता. तो बिघडला खानवेलच्या रस्त्यावर.

थंडीच्या दिवसांत तेथे एक वारली गृहस्थ ताडीची मडकी घेऊन बसतो. ताडाला पहिला मोहोर यायलाच बारा-पंधरा वर्षे लागतात. त्याच्या आज्याने राखलेल्या झाडावर तो दोराच्या आधाराने सकाळ-संध्याकाळ चढतो. मोहोराचा दांडा ठेचून, त्याची टोके रोज कोयत्याने पातळ चकतीइतकीच छाटून मडके बांधतो. काप जाड झाला तर दांडा लवकर संपतो, आणि छाटायचा राहिला तर रस आटतो. पहाटेचा रस गोड असतो. तो हवेतल्या यीस्टने आपोआप आंबतो, दुपारी फेसाळतो आणि दुसऱ्या दिवशी आंबट होऊन फुकट जातो. त्यात माल्ट नाही, हॉप्स नाही, साठवण नाही. प्रत्येक झाडाची चव निराळी. घाणा बिघडला तर पुण्याच्या उत्पादकाचे पैसे जातात. याचा पाय घसरला तर काय जाते, हे मी लिहायला नको. लहान प्रमाण, ताजेपणा, हाताचे कौशल्य, जोखीम ही महाग बिअरच्या बाजूने सांगितली जाणारी सारी कारणे येथे अधिकच लागू पडतात. आणि या माणसाशी मी दहा रुपयांसाठी घासाघीस करीत आलो आहे. माझे वडील मुक्तीनंतर येथे शिक्षक म्हणून आले. तेही करीत. आमच्या घरात ते व्यवहारचातुर्य समजले जाई.

पुण्यात मी घासाघीस का केली नाही? तेथे भाव छापलेला होता, आणि समोरचा मुलगा माझ्यासारखेच बोलत होता. आणखी उत्तम कारण मला सापडत नाही.

भाडे नाही, परवान्याचा भार नाही, मग ताडी स्वस्त असणारच, असा युक्तिवाद करता येईल. भाड्यापुरता तो खरा आहे. सरकारी भाराबद्दल मात्र इतिहास निराळे सांगतो. सीमेपलीकडे मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडा-माडाच्या झाडांवर जबर कर बसला. भंडाऱ्यांनी तक्रारी केल्या, पण पुष्कळांना धंदा सोडावा लागला. १८९२ साली मोहाच्या फुलांवरही निर्बंध आले. देशी पेय हलके ठरले, ते केवळ चवीमुळे नव्हे.

मग ताडीलाही सुबक बाटली आणि चारशे रुपये भाव द्यावा काय? गोव्याच्या काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिची पत वाढली, हे चांगलेच झाले. परंतु ताडी तशी महागली तर पाड्यावरच्या लग्नात आणि देवाच्या कामात ती कोणाला परवडणार? शिवाय मधला नफा झाडावर चढणाऱ्याच्या हाती पडेलच, असे मला वाटत नाही. या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नाही. घासाघीस थांबवणे मात्र माझ्या हाती होते.

या जानेवारीत मी त्याच्यापाशी थांबलो आणि भाव विचारला. त्याने सांगितला. मी तेवढे पैसे काढून दिले. त्याने ते मोजले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा मोजले. मग त्याने विचारले, की मास्तरांच्या मुलाची तब्येत बरी नाही काय. मी बरी आहे म्हटले. त्याने माप भरले, आणि नेहमीप्रमाणे वर थोडी ओतली. ती मी मागितली नव्हती.