तिसरा कागद

जपानच्या तोयामा प्रांतात जिन्झू नावाची नदी आहे. वरच्या अंगाला, गिफू प्रांतातल्या डोंगरात, कामिओकाची खाण होती. तिथून जस्त आणि शिसं निघायचं. खालच्या अंगाला नजर पोचेल तिथवर भाताची खाचरं. नदीतून पाट काढलेले, आणि पाटाचं पाणी या खाचरातून त्या खाचरात उतरत जाणारं. घराघरांतून तेच पाणी प्यायलाही.

या गोष्टीतला शेतकरी माझ्या मनातला आहे. नदी, खाण, आजार आणि निकाल मात्र खरे.

त्याचं खाचर पाटाच्या अगदी तोंडाशी होतं. पहिलं पाणी त्याचं, म्हणून शेजारपाजारचे त्याला नशीबवान म्हणत. पण पाणी जिथून आत शिरायचं तिथलीच रोपं खुरटायची, लोंबी पोचट राहायची. तिथून जसजसं लांब जावं तसतसं पीक सुधारलेलं. त्याच्या बापानं यावर उपाय म्हणून तोंडाशी एक खड्डा खणून ठेवला होता. पाणी आधी त्यात थांबे, पांढुरका गाळ तळाशी बसे, मग पुढे जाई. हा गाळ उपसून बांधावर टाकायचा हे घरचं नेहमीचं काम झालं होतं. डोळ्यांना दिसत होतं तेवढं खड्ड्यात राहत होतं.

आईला पन्नाशीत कंबरदुखी सुरू झाली. मग मांड्या, मग बरगड्या. चालताना ती बदकासारखी डुलायला लागली. एके रात्री नुसत्या खोकल्यानं तिची बरगडी मोडली. अशा बायका गावोगाव होत्या. बहुतेक उतारवयाच्या, चार-सहा लेकरं झालेल्या. अंथरुणात पडून ‘दुखतंय, दुखतंय’ म्हणून कण्हत राहायच्या, त्यावरून आजाराला इताई-इताई म्हणू लागले. पूर्वजन्मीचं पाप, असंही लोक म्हणत. पाप बायकांनीच तेवढं कसं केलं, हे कुणी विचारलं नाही.

फुचू गावचे डॉक्टर नोबोरु हागिनो 1946 मध्ये युद्धावरून परतले आणि वडिलोपार्जित दवाखान्यात बसू लागले. रुग्णांची घरं त्यांनी नकाशावर मांडली. ती सगळी जिन्झूच्या पाण्यावर पोसलेल्या पट्ट्यातच पडली. 1957 मध्ये त्यांनी खाणीकडे बोट दाखवलं, तेव्हा खेड्यातल्या डॉक्टरला काय कळतंय, म्हणून त्यांची टर उडवली गेली. पुढे कृषिशास्त्रज्ञ किनिची योशिओका आणि रसायनशास्त्रज्ञ जुन कोबायाशी यांची साथ मिळाली, आणि 1961 मध्ये गुन्हेगाराचं नाव जाहीर झालं : कॅडमियम. जस्ताच्या खनिजात ते असतंच. पाण्यातून ते मातीत उतरलं, मातीतून तांदळात आणि तांदळातून मूत्रपिंडात. मूत्रपिंड बिघडलं की हाडांना लागणारा फॉस्फरस लघवीवाटे निघून जातो, मग हाडं मऊ पडतात.

आता गाव डॉक्टरांच्या मागे उभं राहिलं असेल, असं आपल्याला वाटतं. तसं झालं नाही. आपला तांदूळ मग कोण घेईल, आपल्या पोरांना मुली कोण देईल, या धास्तीनं कित्येकांनी डॉक्टरांवरच राग धरला. आपला शेतकरी त्यांतलाच. तपासणीला माणसं आली की तो आईच्या खोलीचं दार ओढून घ्यायचा.

एकदा बायकोनं त्याला जेवताना विचारलं, “अहो, हा तांदूळ बाजारात खपणार नाही म्हणून आपण गप्प बसायचं?”

“मग काय करायचं? दवंडी पिटायची?”

“आणि तोच तांदूळ रोज आईंना शिजवून घालायचा?”

त्यानं वाटी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी दार उघडं राहिलं.

अशी दारं एकेक करून उघडत गेली. 1966 मध्ये रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांनी संघटना बांधली, मार्च 1968 मध्ये मित्सुई या खाण कंपनीवर दावा लावला. त्याच वर्षी मे महिन्यात सरकारनंही आजाराचं मूळ खाणीच्या सांडपाण्यात असल्याचं मान्य केलं. 1971 मध्ये लोक जिंकले. कंपनी अपिलात गेली आणि 9 ऑगस्ट 1972 रोजी तिथंही हरली.

दुसऱ्या दिवशी गावकरी आणि त्यांचे वकील तोक्योला कंपनीच्या मुख्य कचेरीत जाऊन बसले. बोलणी लांबली. अखेर तीन कागदांवर कंपनीची सही झाली. पहिला रुग्णांच्या भरपाईचा. दुसरा नासलेल्या जमिनीचा. तिसरा प्रदूषण रोखण्याचा. त्यात असं होतं, की गावकऱ्यांना वाटेल तेव्हा, त्यांनी निवडलेले तज्ज्ञ सोबत घेऊन, खाणीच्या कारखान्यात शिरून पाहणी करता येईल. आणि खर्च कंपनी देईल.

आपला शेतकरी गावी परतला तेव्हा या तिसऱ्या कागदावर कुरकुरत होता. “पैसे समजले, जमीन समजली. कारखान्यात जाऊन मी काय बघणार? मला काय कळतं त्यातलं?”

“खाचराचं तोंड बघून पाणी कसलं आहे ते कळतं ना?” बायको म्हणाली. “तिथंही तोंडच बघायचं.”

माझ्या मते सगळ्या लढ्यात शहाणपणाचा कागद हाच. भरपाई मिळाली की माणसं घरी जातात, आणि नदी पुन्हा कंपनीच्या भरवशावर राहते. इथं त्याच वर्षापासून दरसाल पाहणी सुरू झाली. शेतकरी, वकील आणि विद्यापीठांतले शास्त्रज्ञ नळ्यांच्या कडेकडेनं चालत, गाळाचे बंधारे पाहत, बाटल्यांत नमुने भरून घेत, अडचणीचे प्रश्न विचारत. कारखान्याच्या जुन्या जमिनीखालून झिरपणारं पाणीही त्यांनी शोधून काढायला लावलं. कंपनीची माणसं आधी आखडून असायची. पुढे आकडे आपणहून पुढे करू लागली. नदीतलं कॅडमियम उतरत उतरत निसर्गात मुळात असतं तेवढ्यावर आलं.

जमिनीचं काम त्याहून चिवट. नासलेली माती खाली गाडायची, तिच्यावर घट्ट थर द्यायचा आणि वर डोंगरातली स्वच्छ माती पसरायची. 863 हेक्टर शेती अशी पुन्हा उभी करायला तीस वर्षांहून जास्त लागली. काम मार्च 2012 मध्ये संपलं. शेतकऱ्याच्या मुलानं तोवर केस पांढरे केले होते.

दरम्यान भातशास्त्रही पुढे सरकलं. खाचर कोरडं पडलं की मातीतलं कॅडमियम मोकळं होतं आणि रोप ते उचलतं. पाणी तुंबवून ठेवलं तर ते गंधकाशी जखडून बसतं. म्हणून भात निसवायच्या आधी आणि नंतर तीन-तीन आठवडे खाचर पाण्याखाली ठेवा, असं जपानी शेतकऱ्यांना सांगितलं जातं. जवळपास कॅडमियमच न उचलणारं कोशिहिकारी भाताचं वाणही तिथल्या शास्त्रज्ञांनी 2012 मध्ये जगापुढे मांडलं. पण ही युक्ती नासलेल्या जमिनीवर जगायची आहे. नदी नासू न देण्याचं काम तिच्यानं होत नाही, ते त्या तिसऱ्या कागदानंच केलं.

खाणकाम 2001 मध्ये थांबलं. त्याच डोंगराच्या पोटात आता न्यूट्रिनो टिपणारी सुपर-कामिओकांदे ही प्रयोगशाळा आहे, आणि तिची टाकी पन्नास हजार टन अतिशुद्ध पाण्यानं भरली गेली. दैवाची थट्टा म्हणा हवं तर.

डिसेंबर 2013 मध्ये कंपनीनं माफी मागितली आणि दोन्ही बाजूंनी वाद मिटल्याच्या कागदावर सह्या केल्या. पाहण्या मात्र त्यानंतरही थांबल्या नाहीत, आणि त्यांचा खर्चही कंपनीच देत राहिली.