अद्भुताला गाव हवं

मराठीत एखादी अद्भुतकथा पडद्यावर आणायचा विषय निघाला की बोलणं लगेच व्हीएफएक्सच्या खर्चावर जातं. एवढा पैसा कुठून आणायचा, हॉलिवूडची सफाई आपल्याला कशी जमणार, असे प्रश्न येतात आणि विषय तिथेच थांबतो. मला हे प्रश्न दुय्यम वाटतात. राक्षस, शाप, उडणारं विमान या गोष्टी प्रेक्षक कथेपुरत्या मान्य करूनच तिकीट काढतो. पण त्या राक्षसासमोर उभा असलेला माणूस आणि त्याच्या पायाखालची जमीन प्रेक्षकाला खोटी वाटली, तर सगळा खर्च पाण्यात जातो. म्हणून अद्भुतकथेत पात्रनिवड आणि चित्रीकरणाची जागा या दोन निर्णयांना सामाजिक चित्रपटापेक्षाही जास्त वजन आहे. आणि माझ्या मते ते दोन नसून एकच निर्णय आहे.

याचं आपल्या जवळचं उदाहरण ‘तुंबाड’. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी नारायण धारपांची एक कथा 1993 मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात मित्राच्या तोंडून ऐकली. 1997 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी पटकथेचा पहिला खर्डा लिहिला. पडद्यावर चित्रपट आला 12 ऑक्टोबर 2018 रोजी. मधल्या काळात निर्माते आले आणि गेले. 2012 मध्ये एकदा चित्रीकरण झालं, ते समाधानकारक वाटलं नाही म्हणून पटकथेवर पुन्हा काम करून 2015 मध्ये बराच भाग नव्याने चित्रित झाला. चित्रपटाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेलं, भयाचा गाभा धारपांचा. धारपांच्या ‘आजी’ या कथेच्या मुळाशी स्टीफन किंगची अमेरिकन कथा आहे, हे त्यांच्या वाचकांना माहीत आहे. परक्या मुलखातलं भय मराठी घराच्या माजघरात येऊन बसलं आणि तिथलंच झालं. चित्रपटाने त्याला पाऊस आणि वाडा दिला.

तो पाऊस मुद्दाम बघण्यासारखा आहे. कथेत तुंबाडवर देवांचा कोप आहे आणि तो पावसाच्या रूपाने अखंड कोसळतो. नळ्यांनी पाडलेला पाऊस दोन-चार प्रसंगांना पुरतो, दोन तासांना पुरत नाही. कारण खऱ्या पावसात आकाशाचा रंग, भिंतीवरचं शेवाळ, चिखलाची खोली आणि माणसाची चाल, सगळंच बदलतं. या चमूने एकामागून एक पावसाळे थांबून चित्रीकरण केलं. वाडा सासवडचा, गाव कोकणातलं आणि उरलेला मुलूख सातारा-महाबळेश्वरकडचा. पंकज कुमार यांच्या कॅमेऱ्याने ते असं जोडलं की सांधा दिसत नाही. हस्तर हा देव पुराणात कुठेही नाही, तो पटकथेने जन्माला घातला. तरीही तो आपल्याकडच्या एखाद्या विसरलेल्या देवासारखा वाटतो, याचं श्रेय मी त्या ओल्या भिंतींना देतो.

पात्रनिवडीतही असंच धाडस आहे. वाड्यातली शापित म्हातारी आणि नायक विनायकचा मुलगा पांडुरंग या दोन्ही भूमिका मोहम्मद समद या एकाच मुलाने केल्या आहेत. मेकअपखाली तो ओळखू येत नाही. पण घराण्याच्या हावेचं एक टोक म्हातारीत आणि दुसरं पोरात, हे एकाच देहातून दाखवणं ही निवडच कथेचा अर्थ सांगते. ज्योती माळशे आणि अनिता दाते यांच्या वागण्या-बोलण्यात ते घर आहे. विनायक झालेले सोहम शाह राजस्थानच्या श्रीगंगानगरचे, चित्रपटाचे एक निर्मातेही. त्यांच्या अभिनयाबद्दल माझी तक्रार नाही. विनायकची थंड, हिशेबी हाव त्यांनी अचूक पकडली आहे. तक्रार भाषेबद्दल आहे. 1918 सालचं कोकणातलं ब्राह्मण घर पडद्यावर हिंदी बोलतं. बाजाराचं कारण मला समजतं, हिंदीशिवाय हा चित्रपट कदाचित उभाच राहिला नसता. तरीही पाऊस, वाडा, तांब्याची भांडी, लुगडी हे सगळं खरं असताना तोंडातला शब्द तेवढा बाहेरचा राहिला, ही उणीव मला प्रत्येक वेळी बोचते. जागा आणली, जागेचं तोंड मागे राहिलं.

ही चूक जगभर होते. अर्सुला ले ग्विन यांनी ‘अर्थसी’च्या कादंबऱ्यांत बेटांचं एक जग रचलं आणि तिथली बहुतेक माणसं ठरवून सावळी, काळी केली. नायक गेड हा तांबूस-तपकिरी वर्णाचा. 2004 मध्ये अमेरिकेतल्या एका वाहिनीने त्यावर मालिका केली, तेव्हा गेडच्या जागी गोरा नट आला. ले ग्विन यांनी जाहीर लेख लिहून निषेध केला. कल्पनेतल्याच बेटावर कुणीही चालेल, असं म्हणणाऱ्यांना त्यांचा राग समजला नसेल. पण कल्पनेतलं जग लेखकाने फार विचाराने वसवलेलं असतं. तिथे कुणाचा चेहरा मध्यभागी ठेवायचा, हेच तर त्या कादंबऱ्यांचं म्हणणं होतं.

न्यूझीलंडमध्ये झालेल्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. तिथल्या नाउरुहोए या ज्वालामुखीला पडद्यावर ‘माउंट डूम’ केलं. पण त्याचा माथा माओरी लोकांना पवित्र, म्हणून माथ्यावर चित्रीकरण झालं नाही. जवळची दृश्यं शेजारच्या रुआपेहूच्या उतारांवर घेतली. हा आदर मोलाचा आहे. त्याच चित्रपटात लॉरेन्स माकोआरे हा माओरी नट मात्र लुर्ट्झ या क्रूर योद्ध्याच्या जाड मुखवट्याखाली आहे. डोंगराचा मान राखला गेला आणि डोंगराजवळच्या माणसाचा चेहरा झाकला गेला. तीन चित्रपटांच्या वैभवापुढे ही बाब किरकोळ मानणारे आहेत. मी त्यांच्यात नाही.

यावर कुणी ‘संत तुकाराम’ पुढे करेल, आणि तो आक्षेप रास्त आहे. 1936 चा तो चित्रपट प्रभातचा, पुण्याच्या स्टुडिओत उभारलेल्या देहूचा. त्यात खरं गाव नाही, तरी चमत्कार पटतात. का पटतात? माझं उत्तर आहे गौरी. तुकारामांची बायको झालेली ही बाई प्रभातमध्ये झाडलोटीच्या कामावर होती असं सांगतात. अभिनयाचं शिक्षण तिला नव्हतं. विष्णुपंत पागनीसांच्या तुकोबांभोवती दैवी प्रकाश आहे. तिच्याभोवती चूल, म्हैस, पोरं आणि उपाशी संध्याकाळ आहे. ती विठोबाशी भांडते, म्हणून शेवटी येणारं विमान आपण मान्य करतो. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांना देहूची माती पुण्यात आणता आली नसेल, मातीतली बाई त्यांनी आणली. स्टुडिओ चालतो, पण मग चेहऱ्याने गावाची भरपाई करावी लागते.

आणि आता आमच्या जामखेडच्या बाजूकडे येतो. ‘फँड्री’ला कुणी अद्भुतकथा म्हणत नाही. पण त्यातला मुलगा जब्या ज्या काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ हिंडतो, जिची राख टाकली की हवी ती मुलगी वश होते, ते अद्भुत नाही तर काय आहे? नागराज मंजुळे यांनी ते नगर तालुक्यातल्या अकोळनेरच्या माळावर चित्रित केलं. जब्या झाला करमाळा तालुक्यातल्या केमचा, हलगी वाजवणारा सोमनाथ अवघडे. त्याच्या बापाच्या भूमिकेत किशोर कदम आहेत, मुंबईच्या रंगभूमीवर मुरलेले नट. म्हणजे स्थानिक माणूस घ्या म्हणताना कसलेल्या नटाला नकार द्यायचा असं नाही. पण मध्यभागी तो मुलगा आहे, आणि चिमणी खरी असेल का या शंकेला त्याच्या डोळ्यांतून वजन येतं. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांतून ते आलं नसतं.

करमाळा जामखेडला लागून आहे. म्हणून मला सारखं वाटतं, की पुढची मराठी अद्भुतकथा या मुलखात घडावी. कोकणातलं अद्भुत ओलं आहे: विहीर, माड, शेवाळ. आमचं कोरडं असेल. बालाघाटाच्या माळावर पाऊस शाप म्हणून पडणार नाही. इथे पुरून ठेवलेला खजिना पाण्याचाच असेल आणि त्याच्यासाठी माणूस काय काय विकेल याची गोष्ट ‘तुंबाड’इतकीच काळी होऊ शकते. खर्ड्याचा भुईकोट किल्ला आहे, निंबाळकरांचा. 11 मार्च 1795 ला मराठ्यांनी निजामाला याच मुलखात हरवलं, आणि निजामाने त्या किल्ल्याचा आसरा घेतला. सौताड्याचा धबधबा पावसाळ्यात गर्जतो आणि उन्हाळ्यात नुसता कडा उरतो. त्या एका जागेत दोन वेगळी जगं मिळतात. दिग्दर्शकाला फक्त ऋतूची वाट पाहावी लागेल.

पण रेकीला येणाऱ्यांनी फक्त कडे आणि बुरूज बघून जाऊ नये. जामखेड परिसरातली लोकनाट्य कला केंद्रं महाराष्ट्राला माहीत आहेत. तिथल्या कलावंत बायका रोज रात्री गातात, नाचतात, समोरच्या माणसाची नाडी ओळखून जागच्या जागी संवाद रचतात. ही अभिनयाची कसलेली शाळा आहे. पडद्यावर मात्र त्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा एक लावणी आणि मागच्या रांगेतली जागा येते. राणी, चेटकीण, देवी, शाप देणारी आई या भूमिका त्यांनी का करू नयेत? ज्या बाईने आयुष्यभर परक्या नजरा पेलल्या, तिने उच्चारलेला शाप कुठल्याही व्हीएफएक्सशिवाय अंगावर येईल. धनगरवाड्यांवर रात्रभर ओव्या गाणारे आहेत, बिरोबाची कथा त्यांच्या घशात आहे. नगर आणि बीडच्या सीमेवरची आमची बोली आहे. तिला पडद्यावर अनेकदा विनोदासाठी बोलावलं गेलं. भीतीसाठी आणि नवलासाठीही ती समर्थ आहे.

निर्मात्यांचं म्हणणं मी ऐकून आहे: ओळखीचा चेहरा नसेल तर वितरक मिळत नाही. ‘तुंबाड’मध्ये तसा कोणता मोठा तारा होता? पहिल्या प्रदर्शनात त्याचा गल्ला बेताचाच होता, पण लोक त्याला विसरले नाहीत. सप्टेंबर 2024 मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. ही गर्दी चेहऱ्यासाठी आलेली नव्हती.

माझी मागणी एवढीच आहे. अद्भुत कादंबरीचे हक्क घेणाऱ्या निर्मात्याने नट जाहीर करण्याआधी कथेचा मुलूख ठरवावा, तिथे एक पूर्ण ऋतू घालवावा, आणि ऑडिशन मुंबई-पुण्याबरोबर तालुक्याच्या गावीही घ्यावी. निवडलेल्यांना संवाद द्यावेत, ठरलेला मोबदला द्यावा, श्रेयनामावलीत नाव द्यावं. आष्टी, पाटोदा, करमाळा, कर्जत इथल्या माणसांना जामखेडला येऊन ऑडिशन देणं अवघड नाही. सुरुवात इथून करा.