चालतंय तोवर चालू द्यायचं?

विंडोज १० या संगणक प्रणालीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तिच्यात यापुढे सापडणाऱ्या त्रुटींची दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट सर्वसाधारण ग्राहकाला आपोआप देणार नाही, एवढाच याचा अर्थ. त्या तारखेनंतरही संगणक सुरू होतो, फाइल उघडते, प्रिंट निघते. डोळ्यांना दिसेल असं काहीच बिघडत नाही. बिघाड दिसला असता तर माझा निर्णय केव्हाच झाला असता. तो दिसत नाही, म्हणून हा प्रश्न दुरुस्तीवाल्याकडे नेऊन सुटत नाही. तो मला माझ्या मनालाच विचारावा लागतो.

तालुक्याच्या गावी माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांचे अहवाल, गावातल्या लेखकांची पुस्तकं आणि जोडीला ऑनलाइन अर्ज, अशी कामं चालतात. दुकानात दोन संगणक आहेत. एकावर विंडोज एक्सपी आहे. त्यावर पानांच्या मांडणीचं पेजमेकर आणि मराठी फॉन्टांचं श्रीलिपी चालतं, ते चालावं म्हणून मागे डोंगल लावलेला असतो. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला. दुसऱ्यावर विंडोज १० आहे. त्याचा प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा, त्यामुळे विंडोज ११च्या अटींत तो बसत नाही. हे दोन्ही संगणक मी वापरत राहिले. त्यासाठी मनाला जी कारणं देत आले, ती आज एकेक करून तपासायची आहेत.

पहिलं कारण सगळ्यात सोपं: माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय? माझं खरोखरच काही नाही. पण संगणकातल्या डाउनलोडच्या फोल्डरमध्ये जे साठलंय ते माझं नाहीच. लोक व्हॉट्सअॅपवर आधार कार्ड पाठवतात, "ताई, एक प्रिंट द्या" म्हणतात, प्रिंट घेऊन जातात. फाइल मात्र मागे राहते. पॅन कार्ड, पासबुकाचं पहिलं पान, सातबारा, जातीचा दाखला, मुलीची गुणपत्रिका, सगळं तिथे असतं. २०२४ साली लाडकी बहीण योजनेसाठी बायका कागदपत्रं घेऊन गावोगावच्या दुकानांत आल्या, तशा माझ्याकडेही आल्या. त्यांनी कागद दिले, मोबाइलवर आलेला ओटीपी मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या संगणकात कोणती प्रणाली आहे, हे त्यांच्यापैकी कुणी विचारलं नाही. विचारावं हे त्यांना ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं. ठाऊक होतं ते मला. सोनाराकडे उजळायला दिलेला दागिना सोनाराचा नसतो. आपल्या तिजोरीची कडी ढिली आहे हे माहीत असून तो गप्प बसला, तर दागिना चोरीला गेला नाही तरी तो विश्वासाला चुकलाच. मला माझं उत्तर इथेच मिळतं. तरीही पुढची कारणं टाळायची नाहीत, कारण त्यातली काही खरी आहेत.

दुसरं कारण असं की, एवढ्याशा गावातल्या एवढ्याशा दुकानात कोण शिरणार? या प्रश्नाचं उत्तर २०१७ साली जगाने पाहिलं. १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस सुटला आणि सुमारे दीडशे देशांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांत पसरला. त्याने कुणाचं नावगाव विचारलं नाही. जिथे विंडोजमधली ठरावीक त्रुटी उघडी सापडली, तिथे तो आपणहून शिरला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत अंदाजे १९,००० अपॉइंटमेंट रद्द झाल्या, काही ठिकाणी रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णालयांकडे वळवाव्या लागल्या. त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या नावाचा व्हायरस आला. त्याची सुरुवात युक्रेनमध्ये हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून झाली, पण मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यातून तो आपल्या न्हावा-शेव्यापर्यंत पोहोचला आणि जेएनपीटी बंदरातल्या त्या समूहाच्या टर्मिनलचं काम अडकलं. युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा उरणजवळच्या कंटेनरशी काय संबंध, असं कुणी आधी विचारलं असतं तर मीही हसले असते. तेव्हा लहान आहोत म्हणून सुटू, हा भरवसा खोटा आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वॉनाक्रायची आठवण काढताना सगळा दोष एक्सपीवर ढकलण्याची पद्धत पडली आहे. प्रत्यक्षात सापडलेले बहुतेक संगणक विंडोज ७चे होते, आणि विंडोज ७ला तेव्हा आधार होता. त्या त्रुटीची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे हल्ल्याच्या जवळजवळ दोन महिने आधी मिळालेली होती. लोकांनी ती घेतलीच नव्हती. म्हणजे मुद्दा प्रणालीच्या वयाचा नाही. दुरुस्ती मिळते का, आणि मिळाली तर आपण ती घेतो का, एवढाच प्रश्न आहे. तो असा मांडला की माझी अडचण आणखी वाढते. विंडोज १०ला आधार होता तेव्हा तरी मी काय करत होते? अपडेट आला की इंटरनेटचा डेटा संपतो, ऐन गर्दीत संगणक रीस्टार्ट होतो, म्हणून विंडोज टाकून देणाऱ्या मुलाला आम्ही दुकानदारच सांगतो, "अपडेट तेवढा बंद करून दे रे." तोही देतो. तेव्हा आधार संपला म्हणून असुरक्षित झाले, असं म्हणण्याचा अधिकारही मला पुरता नाही.

तिसरं कारण अँटिव्हायरसचं. तो आहे, मग भीती कसली? विंडोज १०मधल्या डिफेंडरला नव्या व्हायरसांची ओळख ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे, हे खरं. पण अँटिव्हायरस आलेल्या पाहुण्याचा चेहरा ओळखतो. भिंतीतलं भगदाड बुजवणं हे त्याचं काम नाही. ते काम प्रणालीच्या दुरुस्तीचं. आणि आधार संपल्यावर धोका होता तेवढाच राहत नाही, दर महिन्याला वाढतो. विंडोज १० आणि ११ यांचा पाया बराचसा एक आहे. विंडोज ११साठी दुरुस्ती बाहेर पडली की जाणकार हल्लेखोर ती उलगडून पाहतात, त्रुटी नेमकी कुठे होती ते शोधतात आणि तीच त्रुटी दुरुस्ती न मिळालेल्या जुन्या प्रणालीत वापरून बघतात. नव्याला मिळालेलं औषध जुन्याचा आजार जगजाहीर करतं.

चौथं कारण रागाचं आहे आणि तो राग मला चुकीचा वाटत नाही. चांगला चालणारा संगणक कंपनीच्या एका अटीमुळे निकामी का ठरावा? विंडोज १० ही शेवटचीच आवृत्ती असेल, असं २०१५ साली कंपनीच्याच एका माणसाने जाहीर व्यासपीठावरून सांगितलं होतं. पुढे २०२१ साली विंडोज ११ आलं आणि सुरक्षेच्या चिपपासून प्रोसेसरच्या पिढीपर्यंतच्या अटी घेऊन आलं. या बदलामुळे सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनालिस या संस्थेने २०२३च्या अखेरीस मांडला होता. आपल्याकडे भंगारातल्या संगणकाचं काय होतं ते मी पाहिलंय. तारा जाळून तांबं काढणाऱ्या हातांना कसलंही संरक्षण नसतं. म्हणून "नवा घ्या" हा सल्ला मला पुरा वाटत नाही. वस्तू शेवटपर्यंत वापरायची, हे आमच्या घरात शिकवलेलं मूल्य आहे आणि ते मला सोडायचं नाही.

पण याच ठिकाणी मन मला अडवतं. काटकसर हा सद्गुण कधी? तिची झळ मी सोसते तेव्हा. जुनी साडी मी नेसले तर कमीपणा माझा, बचतही माझी. जुन्या संगणकात मात्र बचत माझी आणि जोखीम त्या आधार कार्डावरच्या बाईची. कंपनीने माझ्यावर अन्याय केला असेल, तरी त्याची भरपाई तिच्या खात्यातून कशी होऊ द्यायची?

मोठ्यांनीही उशीर केला, हे पाचवं कारण. तेही खरं. आपल्या देशातली कितीतरी एटीएम एक्सपीवर चालत होती. आधार संपून चार वर्षं झाल्यावर, जून २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून बँकांना टप्पे आखून द्यावे लागले, आणि सगळी एटीएम बदलायला जून २०१९ची मुदत द्यावी लागली. बँकांची ही गत, मग माझी काय कथा, असं म्हणता येतं. पण बँकेला निदान विचारणारी रिझर्व्ह बँक आहे. मला विचारणारं कुणी नाही. वैयक्तिक माहिती सांभाळण्याची जबाबदारी सांगणारा कायदा २०२३ साली संसदेने केला, पण कायद्याचा माणूस माझ्या दुकानाची पायरी कधी चढेल तेव्हा चढेल. जिथे विचारणारं कुणी नसतं, तिथेच माणसाच्या सचोटीची परीक्षा होते, असं मी मुलांना सांगत आले. ते मला लागू होत नाही असं कसं म्हणू?

शेवटचं कारण मला खरोखर अवघड जातं. ते आहे एक्सपीवरच्या फाइलींचं. युनिकोडच्या आधी मराठी मजकूर ज्या फॉन्टांत बसवला जायचा, त्यांत आपली अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली होती. तो फॉन्ट, ते सॉफ्टवेअर आणि तो डोंगल नसेल, तर फाइल उघडल्यावर रोमन चिन्हांचा अर्थहीन पसारा दिसतो. माझ्या त्या संगणकात गावच्या मंदिराचा इतिहास आहे, बंद पडलेल्या दिवाळी अंकांची पानं आहेत, आता हयात नसलेल्या लेखकांच्या कवितासंग्रहांची मूळ मांडणी आहे. असे संगणक महाराष्ट्रात गावोगावच्या छापखान्यांत आहेत. ते फेकून देणं म्हणजे मराठीतला एक कोपरा पुसणं. म्हणून तो संगणक मी ठेवणार आहे. पण ठेवणं वेगळं आणि जगाशी जोडलेला ठेवणं वेगळं. इतकी वर्षं मी या दोन्हींत फरक केला नाही, कारण फरक करायला कष्ट पडतात. गिऱ्हाईक पेनड्राइव्ह द्यायचं, मी तो त्याच संगणकाला लावायचे. पेनड्राइव्हमधल्या व्हायरसमुळे सगळ्या फाइलींचे शॉर्टकट झाले अशी तक्रार या धंद्यात कुणी ऐकलेली नाही? तो पेनड्राइव्ह इथून शाळेत जातो, ग्रामपंचायतीत जातो, घरच्या लॅपटॉपला लागतो. माझ्याकडे येणारा आजार माझ्यापाशीच थांबत नाही.

म्हणून काही गोष्टी ठरवल्या आहेत आणि त्या चारचौघांत सांगते, म्हणजे मागे फिरता येणार नाही. एक्सपीच्या संगणकाची नेटची केबल काढली. ती पुन्हा लागणार नाही. त्याच्यासाठी स्वतंत्र पेनड्राइव्ह आहे, गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह त्याला लागणार नाही. तयार झालेली पीडीएफ तेवढी बाहेर येईल. जुन्या फाइली थोड्या थोड्या करून युनिकोडमध्ये आणायच्या आहेत. जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये नेणाऱ्या परिवर्तकातून निघालेल्या मजकुरात जोडाक्षरं चुकतात, म्हणून प्रूफ पुन्हा वाचावं लागतं. ते वाचेन. विंडोज १०ला वर्षभराची वाढीव दुरुस्ती मिळते. परदेशात तिचा दर ३० डॉलर लावला गेला, आणि संगणकातल्या सेटिंगचा बॅकअप कंपनीच्या खात्यात ठेवला तर ती फुकटही मिळते. पण तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ एवढीच. हा थोडा वेळ मिळवण्याचा मार्ग आहे, सुटका नव्हे. म्हणून विंडोज १०च्या संगणकावर लिनक्स मिंट ही प्रणाली टाकायचं ठरवलं आहे. ब्राउझर, अर्ज, युनिकोड मराठी, लिबरऑफिस एवढ्या कामाला ते पुरतं, जुन्या प्रोसेसरवर चालतं आणि दुरुस्त्या नियमित देतं. केरळच्या सरकारी शाळा अनेक वर्षं लिनक्सवर शिकवत आहेत. तेव्हा आपल्याला जमणार नाही ही सबब टिकत नाही. काम झालं की गिऱ्हाइकासमोर त्याची कागदपत्रं पुसायची, हा नियम तर आजपासूनच. त्याला प्रणाली लागत नाही, पैसा लागत नाही. तो मी आधीच पाळू शकले असते.

एवढ्याने धोका शून्य होत नाही, हे मला माहीत आहे. नवी प्रणालीही फुटते. नॉटपेट्या तर एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच शिरला होता. पण धोका उरणं आणि धोका माहीत असून तो दुसऱ्याच्या माथी मारणं, या दोन गोष्टी मनापुढे सारख्या ठरत नाहीत. पहिलीत माणूस हतबल असतो, दुसरीत अपराधी.

माझ्यासारखी दुकानं चालवणाऱ्यांना, दवाखान्यात रुग्णांची नोंद ठेवणाऱ्यांना, पतसंस्थेत खाती सांभाळणाऱ्यांना आणि सोसायटीचे कागद घरच्या संगणकात ठेवणाऱ्या सेक्रेटरींना माझी विनंती आहे. आपल्या संगणकाला दुरुस्ती मिळते का, हे आज तपासा. मिळत असेल तर ती घ्या. मिळत नसेल तर प्रणाली बदला, आणि तेही जमत नसेल तर तो संगणक नेटपासून तोडा. पण दुसऱ्याची कागदपत्रं त्यावर ठेवू नका. आपलं नुकसान सोसायचं की नाही, हे आपण ठरवू शकतो. दुसऱ्याचं नुकसान ठरवण्याचा अधिकार आपल्याला कुणीही दिलेला नाही.