स्थलांतराची खूण

"मामा, जो हलवतो त्याला आपण काय हलवतोय ते ठाऊक असतंच की! मग हलत्या पॅनलला नटवायचं कशासाठी?" बदलापूरला राहून वेबपानांच्या बांधणीवर चरितार्थ चालवणारा माझा भाचा हे ज्या बेफिकिरीने बोलून गेला, ती बेफिकिरी मला त्याच्या प्रश्नाहूनही अधिक झोंबली. उल्हासनगरच्या एका फर्निचरवाल्यासाठी त्याने मागण्यांची नोंद ठेवणारे पान रचले होते. प्रत्येक मागणीचे एक पॅनल, आणि माल तयार झाला की ते माऊसने धरून 'रवाना' या रकान्यात ओढून सोडायचे. ओढताना मूळ पॅनल जागच्या जागी जसेच्या तसे दिसे, त्याचीच नक्कल बाणामागून हिंडे, आणि सोडल्यावर माल नेमका कोणत्या रकान्यात पडणार याचा कोठेच मागमूस नसल्याने दुकानातला कारकून दर वेळी बुचकळ्यात पडे.

ओढण्या-सोडण्याची ही क्रिया मोबाइल वापरणाऱ्या कोणालाही आता समजावून सांगायला नको. पडद्याआड घडते ते एवढेच, की ओढणे सुरू होताच ब्राउझर पॅनलची एक छबी टिपतो आणि ती छबीच फिरवतो. मूळ पॅनल सोडेपर्यंत हलतच नाही. साहजिकच पान रचणाऱ्याला फिरती छबी, मागे राहिलेले मूळ आणि स्वीकारायला सज्ज झालेली नवी जागा, अशा तिहींचे रूप ठरवावे लागते, आणि भाच्याचा आक्षेप या तिन्हींना सरसकट 'नटवणे' म्हणून निकालात काढीत होता.

अलंकार आणि खूण यांत मी नेहमीच भेद करीत आलो आहे. अलंकार वस्तूच्या रूपाकडे लक्ष वेधतो, खूण तिच्या अवस्थेकडे; आणि पुष्कळदा एकच वस्तू दोन्ही कामे करीत असल्यामुळे उतावळ्या दृष्टीला तिच्यातील पहिलेच काम दिसते. आळंदीहून आषाढीसाठी पंढरपुराकडे निघते ती ज्ञानेश्वरांची समाधी नव्हे, पादुका. समाधी अचल, पादुका चल. या पादुकांसमवेत छत्र, चामरे, अब्दागिरी असा सारा थाट असतो, आणि तो केवळ वैभवाचा म्हणावा तर लाखोंच्या समुदायात दूर उभ्या असलेल्या माणसाला पालखी कोठवर आली हे त्या उंच धरलेल्या अब्दागिरीवाचून कळणार कसे? (तळावर पालखी विसावल्यानंतर वारकऱ्यांत पूर्ण शांतता पसरवणारा चोपदाराचा दंड हाही त्याच जातीचा, पण त्या दंडाविषयी लिहू लागलो तर पॅनल बाजूलाच राहील.)

भाच्याच्या म्हणण्यात तथ्यांश नाही असे मात्र मी म्हणणार नाही. ओढताना पॅनल तिरके करणे, थरथरवणे, त्यावर रंगांची उधळण करणे हे प्रकार मीही पाहिले आहेत, आणि ते निखालस नटवे आहेत. पण हलवणाऱ्याला सारे ठाऊक असते हे त्याचे गृहीतक मोबाइलच्या पडद्यावर क्षणभरही टिकत नाही, कारण तेथे हलवणाऱ्याचे बोटच हलत्या वस्तूला झाकते. तेव्हा मूळ जागेचे फिकटणे आणि नव्या जागेभोवती उमटलेली तुटक रेघ, एवढाच काय तो आधार उरतो. ज्यांचा हात कापतो त्यांना तर ओढणेच साधत नाही. म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेब-सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या २.२ आवृत्तीत, ओढून होणारे काम शक्य तेथे न ओढताही करण्याची सोय असावी असा निकष घातला गेला, तो मला सर्वथैव न्याय्य वाटतो.

येथवर माझे मत पक्के होते: खूण असावी, परंतु वस्तू मुक्कामी पोहोचताच ती निःशेष पुसली जावी. संगणकवालेही हेच मानतात. ओढताना पॅनलला लावलेला क्लास, म्हणजे त्याचे रूप ठरवणारी नावपट्टी, सोडल्यानंतरही चिकटून राहिला तर तो ते दोष गणतात. पण ज्या दुकानासाठी हा सारा खटाटोप चालला होता त्याचा पत्ता वाचताना माझे हे मत डळमळू लागले. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांची छावणी वसली, फाळणीनंतर तेथे सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आसरा देण्यात आला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. निर्वासितांचे व्यापारी झाले, छावणीची महानगरपालिका झाली. तरी पत्त्यात अद्याप कॅम्प नंबर आहे, बॅरक नंबर आहे. प्रवासातली खूण मुक्कामानंतर पाऊणशे वर्षे टिकली, आणि तिला दोष म्हणण्याचे धाडस माझ्याने होईना, कारण तिच्याच आधारे तेथे टपाल पोहोचते आणि माणूस माणसाला सापडतो.

महसुली दप्तरानेही हेच शहाणपण फार पूर्वीपासून जपले आहे. अंबरनाथ तालुक्यातील एखादी जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेली की तलाठी फेरफाराची नोंद घालतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकत घेण्यास मुदत मिळते, आणि नोंद प्रमाणित झाल्यावरही सातबाऱ्यावरचे जुने नाव खरवडून न काढता त्याला कंस केला जातो. कोणाकडून कोणाकडे, हे वाचणाऱ्याला त्याच उताऱ्यावर दिसते. कारकुनाची अडचणही अखेर याच स्वरूपाची होती. पॅनल ओढताना तो जेवढा गोंधळे त्याहून अधिक गोंधळे तो सोडल्यानंतर, कारण मान वळवून गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलून तो पुन्हा पडद्याकडे पाही तेव्हा आपण आत्ता काय हलवले आणि कोठून, हे सांगणारे तेथे काहीच नसे.

म्हणून आता माझा आग्रह असा आहे, की सोडलेल्या पॅनलवर खूण काही काळ राहावी, आधीच्या रकान्याचे नाव त्यावर कंसात दिसावे, आणि शेजारीच ते परत फिरवण्याची मुभा असावी. भाच्याने हे तत्त्वतः मान्य केले आहे. वाद उरला आहे तो मुदतीचा. तो पाच सेकंदांवर अडून बसला आहे. माझे म्हणणे, कारकून पुढच्या पॅनलला हात घालीपर्यंत, मग मध्ये त्याचा चहा का होईना, आधीच्या पॅनलवरची खूण हलता कामा नये.