बुडबुडा फुटण्याआधी



पत्त्यांचा खेळ आणि चर्चचे पत्रक यांचा मेळ बसत नाही, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. पण सावधगिरी केव्हा शहाणपणाची असते आणि केव्हा ती नुसती भीती असते, हा प्रश्न प्रत्येक घरात असतो, आणि पोकरच्या टेबलावर तो जितका उघडा दिसतो तितका क्वचितच दुसरीकडे दिसत असेल. शिवाय हा खेळ आपल्याला परका राहिलेला नाही. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोंच्या बोटींवर तो चालतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, तोपर्यंत तो आपल्या तरुणांच्या मोबाइलवरही होता. म्हणून या रविवारी थोडे त्याविषयी.

पोकरच्या स्पर्धेत सगळे जण सारखी प्रवेश फी भरतात आणि सगळ्यांना सारख्याच चिप्स मिळतात. या चिप्स म्हणजे पैसे नव्हेत. मध्येच उठून त्या वटवता येत नाहीत. त्या संपल्या की खेळाडू बाहेर. बक्षिसे साधारणपणे शेवटपर्यंत टिकलेल्या दहा-पंधरा टक्क्यांनाच असतात. लास व्हेगास येथे १९७० साली सुरू झालेल्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचेच पाहा. २०२३ साली तिच्या मुख्य स्पर्धेत १०,०४३ जण उतरले होते. प्रवेश फी दहा हजार डॉलर. पैसे मिळाले १,५०७ जणांना. पहिल्याला १ कोटी २१ लाख डॉलर, ओळीच्या आत जेमतेम पाऊल टाकलेल्याला १५ हजार, आणि ओळीबाहेर राहिलेल्यांना काहीच नाही. या ओळीजवळच्या घटकेला खेळाडू ‘बबल’ म्हणतात, म्हणजे बुडबुडा. एकदा तो फुटला की उरलेल्या सगळ्यांचे बक्षीस पक्के होते. फुटण्यापूर्वीचा तासभर मात्र मोठमोठे धीराचे खेळाडू चांगली पाने हाती येऊनही टाकून देतात.

हा भित्रेपणा का? आम्ही हिशेब करून पाहिला, आणि उत्तर वाटले तितके सोपे निघाले नाही.

एक लहान स्पर्धा घेऊ. चौघे उरले आहेत, बक्षिसे तीन: ५००, ३०० आणि २०० रुपये. चौघांकडे चिप्स सारख्या, म्हणजे प्रत्येकाच्या जागेची किंमत २५० रुपये. आता शेजाऱ्याने आपल्या सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. आमच्या हातात गुलामांची जोडी आहे, त्याच्याकडे एक्का-राजा आहे असे समजू. शंभरात पंचावन्नच्या आसपास वेळा आम्हीच जिंकू. रोख पैशांचा खेळ असता तर विचार करायचे कारणच नव्हते. पण इथे हरलो तर हाती शून्य. जिंकलो तर चिप्स दुप्पट होतात, जागेची किंमत मात्र दुप्पट होत नाही. ती होते सुमारे ३८३ रुपये, कारण सगळ्या चिप्स जिंकल्या तरी बक्षीस ५००च आहे आणि उरलेल्या दोघांनाही आता काही ना काही मिळणार हे ठरून गेले. म्हणजे २५० पणाला लावायचे तर शंभरात किमान ६५ वेळा जिंकण्याची खात्री हवी. पंचावन्न पुरत नाहीत. गुलामांची जोडी टाकून देणे हेच बरोबर.

मग आमच्या झुंजीत खरा फायदा कोणाचा? बाजूला हात बांधून बसलेल्या दोघांचा. त्यांची किंमत काही न करता २५० वरून ३०८ वर जाते. दोघा भावांचा जमिनीचा दावा कोर्टात वर्षानुवर्षे चालतो तेव्हा कोणाचे घर भरते, हे आपल्या गावात कोणाला समजावून सांगायला नको.

पात्रता स्पर्धेत तर हे आणखी टोकाला जाते. तिथे बक्षीस म्हणून मोठ्या स्पर्धेतली जागा मिळते, आणि ती सगळ्या विजेत्यांना सारखीच. टेनेसीचा हिशेबनीस ख्रिस मनीमेकर ८६ डॉलरच्या अशाच ऑनलाइन स्पर्धेतून २००३ साली मुख्य स्पर्धेत पोहोचला आणि २५ लाख डॉलर जिंकून गेला. अशा ठिकाणी ज्याची जागा जवळजवळ पक्की झाली आहे, त्याने दोन एक्के आले तरी टाकावेत, असे जाणकार सांगतात. पोकरमध्ये याहून चांगली सुरुवात नाही, तरी टाकावेत, कारण आणखी मिळवण्यासारखे काही उरलेलेच नसते.

संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाचे आठ घटक सांगितले आहेत, आणि त्यांत सावधगिरीला शेवटची का होईना, जागा दिली आहे. त्याच वेळी ख्रिस्तसभेचा कॅटेकिझम आपल्याला बजावतो की, विवेकाची गल्लत भित्रेपणाशी करू नये. अडचण अशी की, टेबलावर दोन्ही सारखेच दिसतात. हिशेब करून पाने टाकणारा आणि घाबरून पाने टाकणारा यांचा हात त्याच रीतीने पुढे जातो. फरक कशात धरायचा?

आमच्या मते हे त्या माणसाला नक्की काय जपायचे आहे, यावर ठरते. चौघांच्या स्पर्धेत जपायचे होते ते २५० रुपये, आणि ते खरोखर मोलाचे होते. लास व्हेगासच्या स्पर्धेत गोष्ट वेगळी. तिथे पहिली पायरी १५ हजारांची आणि वरचे टोक तिच्या आठशे पट उंच. तिथेही बबलवर थोडी सावधगिरी हवीच. पण जो तासन्‌तास प्रत्येक हात टाकत बसतो, तो बहुधा पैसे जपत नसतो. ‘मी रिकाम्या हाताने परतलो नाही’ हे घरी सांगता यावे, एवढेच त्याला हवे असते. ही किंमत कोणत्याच हिशेबात येत नाही. आणि थांबणे फुकटही नसते. प्रत्येक फेरीत ठरलेली सक्तीची रक्कम भरावी लागते, ती वाढत जाते, आणि न खेळणाऱ्याचा ढीग झिजतो. ज्याच्यापुढे चिप्सचा डोंगर आहे त्याला हे पक्के ठाऊक असते. तो कोणत्याही पानांवर मोठी बोली लावत सुटतो, आणि बाकीचे गपचूप पाने टाकतात. त्याची पाने कशीही असोत, तो इतरांच्या भीतीवर जगतो. (गावातल्या सावकाराची आठवण होते ती उगाच नव्हे.)

काही जण म्हणतील, हे सगळे जुगारीच. त्यांच्या सावधगिरीची चर्चा कशाला करायची? आम्हांला हे सरसकट पटत नाही. कॅटेकिझम पैजेला आणि नशिबाच्या खेळाला मुळातच पाप म्हणत नाही. स्वतःच्या किंवा आपल्यावर अवलंबून असलेल्यांच्या गरजेचा पैसा त्यात गेला की ते अयोग्य ठरते, असे तो सांगतो. आणि खेळाची ओढ माणसाला गुलाम करू शकते, असा इशाराही देतो. या कसोटीवर पाहिले तर बबलवरचा सर्वांत मोठा निर्णय बबलवर होतच नाही. तो प्रवेश फी भरण्याच्या खिडकीपाशी झालेला असतो. ज्याने स्वतःच्या ऐपतीतले पैसे आणले, तो गुलामांची जोडी थंड डोक्याने टाकू शकतो आणि वेळ आली तर थंड डोक्याने खेळूही शकतो. ज्याने मुलीच्या कॉलेजची फी किंवा बायकोच्या बांगड्या गहाण ठेवून आलेले पैसे तिथे भरले, त्याला १५ हजार म्हणजे प्राणवायू. त्याची प्रत्येक माघार हिशेबात बरोबर निघाली तरी तिला विवेक म्हणवत नाही. विवेकाची वेळ त्याने खिडकीपाशीच घालवली होती.

आणखी एक गोष्ट आम्हांला जास्त टोचते. बबलवर आपले भले होण्यासाठी दुसऱ्या कोणाचे तरी वाटोळे व्हावे लागते. म्हणून काही खेळाडू मुद्दाम वेळ काढतात. पाने उघड टाकण्यासारखी असली तरी मिनिटभर विचार करण्याचे नाटक करतात, म्हणजे तोवर दुसऱ्या टेबलावरचा कोणी बाहेर पडेल. हे रोखण्यासाठी आयोजकांनी नियम केला आहे. ओळ जवळ आली की सर्व टेबलांवर एका वेळी एकच हात वाटतात, आणि तो सगळीकडे संपेपर्यंत पुढचा वाटत नाहीत. नियम चांगला आहे. पण त्याने फक्त घड्याळ आवरते. दुसऱ्या टेबलाकडे मान उंचावून पाहणाऱ्या माणसाच्या मनात त्या क्षणी काय असते, ते नियमाच्या हाती नाही. पाने टाकणे हा त्याचा हक्क आहे. दुसऱ्याच्या पडण्यासाठी मनोमन केलेली आर्जवे मात्र आम्हांला सावधगिरीत बसवता येत नाहीत.

शेवटी कोणीतरी पडतोच, आणि सगळे सभागृह टाळ्या वाजवते. मुख्य स्पर्धेत अनेक वर्षी या अखेरच्या कमनशिब्याला पुढच्या वर्षीचा प्रवेश फुकट दिला गेला आहे. हा प्रघात आम्हांला आवडला. निदान टाळ्यांत थोडी शरम मिसळलेली असावी.

त्यानंतरचा तास पाहण्यासारखा असतो. इतका वेळ मुठी आवळून बसलेले खेळाडू, जेमतेम चिप्स उरलेले, आता कोणत्याही पानांवर सर्वस्व पुढे ढकलू लागतात आणि एकामागून एक बाहेर पडतात. पैसे घेण्याच्या खिडकीपाशी लांब रांग लागते. प्रत्येकाच्या नावावर १५ हजार. त्यांतले दहा त्याचेच होते, आणि उरलेल्या पाचांतून विमानाचे भाडे आणि हॉटेलचे बिल जायचे असते.