हे काय शिकायचं वय आहे?

निकाल लागला, फ्लेक्स लागले. बोईसर स्टेशनाबाहेर, चित्रालयला, नवापूर नाक्यावर, जिथे म्हणून दोन खांब मोकळे सापडले तिथे क्लासवाल्यांनी पोरं टांगली आहेत. प्रत्येकाच्या नावाखाली टक्केवारी, तीही दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत. ९१.४० आणि ९१.६० यांच्यात ज्ञानाचा किती फरक पडतो, हे ज्याला सांगता येईल त्याचाच खरं तर फ्लेक्स लावायला हवा. ते असो. पोरांचं अभिनंदन, त्यांच्यावर राग नाही. राग आहे तो फ्लेक्सखाली कटिंग घेऊन उभ्या असलेल्या त्यांच्या बापांवर.

त्यातल्या एकाच्या कंपनीत दर शनिवारी प्रशिक्षण सुरू झालंय. जुनी बटणं गेली, नवं पॅनल बसलं, आकडे आता पडद्यावर दिसतात. माणूस पंचेचाळिशीचा. पोराला सायन्सला कुठे घालायचं, कोणता क्लास लावायचा, यावर तो चहा थंड होईपर्यंत बोलला. स्वतःच्या प्रशिक्षणावर मात्र एकच वाक्य: ‘आता हे काय आपलं शिकायचं वय आहे?’ बाकीचे तिघे मान डोलावून हसले.

हे वय मोठं हुशार असतं. ते सरसकट येत नाही, विषय बघून येतं. २०१३ साली विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल आली, तेव्हा याच मंडळींनी नवं वेळापत्रक महिन्याभरात तोंडपाठ केलं. कोणत्या डब्यात चढलं की उतरताना जिना समोर येतो, हेही कुणी न शिकवता समजलं. नोटबंदीनंतर पैसे मोबाइलवरून पाठवायला आले. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन रमी आली, मागोमाग शेअर बाजारातले ऑप्शन्स आले, त्यातले ‘कॉल’ आणि ‘पुट’ आले. कोणता आमदार कोणत्या गटातून कोणत्या गटात गेला आणि तिथून परत कुठे आला, हा खरं तर पीएचडीचा विषय, पण तोही चहाच्या टपरीवर उभ्याउभ्या अवगत झाला. तिथे वय कुठे आडवं आलं नाही. ड्रमवरचं इंग्रजी लेबल वाचायचं म्हटलं, भात लावायचा म्हटला, बायकोने तिचं बँकेचं खातं समजावून सांग म्हटलं, की वय आलंच समजा.

बरं, हे वय सुरू कधी होतं, तेही ठरलेलं नाही. पंचविशीत पोहायला शिकण्याचं वय गेलेलं असतं (आणि राहायचं समुद्रापासून सायकलच्या अंतरावर). पस्तिशीत इंग्रजीचं जातं. पंचेचाळिशीत कॉम्प्युटरचं. अशा हिशेबाने साठीला पोचेपर्यंत माणसाकडे शिकण्यासारखं काहीच उरत नाही, उरतं ते फक्त शिकवणं. मग सकाळी सहापासून व्हॉट्सॲपवर मधुमेहाचे उपाय आणि इतिहासाचं पुनर्लेखन पाठवायला तो मोकळा.

स्वतःपुरतं हे वाक्य वापरलं तर फार तर आळस म्हणू. ते दुसऱ्याच्या वतीने वापरलं जातं तेव्हा मात्र प्रकरण गंभीर होतं. ‘आईला आता या वयात कशाला शिकवायचं?’ म्हणणाऱ्या मुलाच्या खिशात आईचं एटीएम कार्ड असतं. पंधरा वर्षांवरच्या असाक्षरांसाठी ‘उल्लास’ नावाचा साक्षरता कार्यक्रम सध्या चालू आहे. वाचन, लेखन, अंकगणित, प्रत्येकी पन्नास गुण, एकूण १५० गुणांची परीक्षा. घरात कुणी असाक्षर आहे का, असं विचारायला माणूस दारात आला की आतून ‘नाही’ असं उत्तर येतं आणि चुलीपाशी बसलेली म्हातारी ते ऐकत असते. तिचं वय गेलंय, हे तिने नाही ठरवलं. वेळ नाही, पैसा नाही, या बाकीच्या सबबी त्यामानाने प्रामाणिक. बारा तासांची पाळी करून आलेल्या कंत्राटी कामगाराने शनिवारी झोपायचं ठरवलं, तर हा स्तंभ त्याला उठवायला जाणार नाही.

हे वाक्य निदान पालघर जिल्ह्यात तरी तोंडातून निघायला नको होतं. डहाणूच्या पुढचं स्टेशन घोलवड. तिथून बोर्डी जवळ. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीत बालशिक्षणाचं केंद्र काढायला आल्या, तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या. बी. ए. झालेल्या, राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य राहिलेल्या. ती नोकरी सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांकडे बालशिक्षणाच्या कामाला लागल्या, त्यालाही बोर्डीच्या वेळी वीस वर्षं होऊन गेली होती. दादरला शिशुविहार चालवून झालं होतं. माँटेसरी पद्धतीतलं जे काही होतं ते येत होतं. म्हणजे फ्लेक्सच लावायचा तर बाईंचा लावावा अशी परिस्थिती.

आणि इथे आल्यावर त्यातलं बरंच अपुरं पडलं. पोरं शाळेत येईनात. मग शाळा पाड्यावर गेली, कुणाच्या तरी अंगणात भरली, आणि देशभर आज जिला अंगणवाडी म्हणतात तिचं मूळ त्या अंगणात सापडतं. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारल्यांची पोरं दिवसभर गुरांमागे. तर शाळा कुरणात भरवली, तिचं नाव कुरणशाळा. थोरल्या बहिणीच्या काखेत धाकटं भावंड असायचं आणि त्यापायी तिची शाळा बुडायची, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी केली. महागड्या साधनांच्या जागी बिया, शंख-शिंपले, खडे, पानं आली. मुलं शिकली हे खरंच. पण त्याआधी साठी ओलांडलेली एक पदवीधर बाई शिकली, तेही गुराख्यांकडून.

त्यांच्या सोबतीला होत्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. शिक्षिकेची नोकरी करता करता रात्रशाळेतून १९३७ साली मॅट्रिक. बोर्डीला आल्या तेव्हा वय ३५. कोसबाडची टेकडी, पाड्यांवरची पायपीट, पोरांच्या आंघोळीपासून ते बायकांच्या प्रशिक्षणापर्यंत सगळं अंगावर असताना १९६१ साली बी. ए. झाल्या. वय ५१. त्या पदवीने त्यांची बढती होणार नव्हती, पगारही वाढणार नव्हता. पुढे १९८५ साली पद्मश्री मिळाली, पण त्यांनी परीक्षा दिली तेव्हा ती काही समोर दिसत नव्हती. नव्या पॅनलला घाबरलेल्या आपल्या पंचेचाळीसच्या तरुणाने एकदा कोसबाडला जाऊन यावं. पिकनिकला म्हणून गेला तरी चालेल.

या स्तंभाला लॅमिनेशनचा राग आहे, हे जुन्या वाचकांना नव्याने सांगायला नको. दहावीचं सर्टिफिकेट हातात पडलं की पहिली धाव झेरॉक्सच्या दुकानाकडे, तीस-चाळीस रुपयांत कागद प्लॅस्टिकमध्ये बंद. मग कधी परदेशात नोकरी लागते, कागदावर सरकारी शिक्का हवा असतो, आणि साहेब म्हणतो, लॅमिनेट केलंय, यावर आता काही उठणार नाही. आपल्याकडे शिक्षणाचं हेच होतं. एकदा गरम रोलरमधून निघालं की त्यावर पुढचा शिक्का उमटत नाही.

बोईसरपासून थोड्या अंतरावर एक जागा आहे, जिथे हे चालत नाही. तारापूरचं अणुऊर्जा केंद्र ऑक्टोबर १९६९पासून देशाच्या कामी येतंय. तिथे कंट्रोल रूममध्ये बसणाऱ्या अभियंत्याला इंजिनिअरिंगची पदवी दाखवून खुर्ची मिळत नाही. लेखी परीक्षा, प्लँटमध्ये फिरवून विचारलेले प्रश्न, शेवटी तोंडी, आणि मग परवाना. त्या परवान्यालाही मुदत असते. ती संपली की पुन्हा पात्रता सिद्ध करा. विद्यापीठात पहिला आला होता का, हे कुणी विचारत नाही. अणुभट्टीला गुणपत्रिका वाचता येत नाही, हा तिचा मोठा गुण म्हणायचा.

रस्त्याच्या अलीकडे एमआयडीसी. इथली रसायनं अणुभट्टीइतकी मानाची नसली तरी जीव घ्यायला पुरेशी आहेत, हे बोईसरकराला सांगावं लागत नाही. इथल्या स्फोटांचे आवाज घराच्या काचांना पाठ आहेत. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. आपण हाताळतो ते काय आहे आणि त्याने काय होऊ शकतं याची माहिती मिळण्याचा आणि प्रशिक्षण मिळण्याचा कामगाराला हक्क दिला गेला. हक्क, उपकार नव्हे. आता हा हक्क प्रत्यक्षात कसा पोचतो? रजिस्टर फिरतं. ‘प्रशिक्षण घेतले’ या रकान्यापुढे चाळीस सह्या होतात, एकाच पेनाने, दहा मिनिटांत. मालकाला उत्पादन थांबवायचं नसतं आणि कामगाराचं शिकायचं वय गेलेलं असतं. दोन्ही बाजूंची इतकी छान तडजोड या वसाहतीत दुसऱ्या कुठल्याच प्रश्नावर झालेली नाही.

इथे कुणीतरी हमखास म्हणणार, शाळेत काय ठेवलंय, जिव्या सोमा म्हसे कुठल्या आर्ट स्कूलमध्ये गेले होते? गेले नव्हते. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचा हा वारली चित्रकार. लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं चित्र, लिहायचा तो सवासिनींनी, अशी वारल्यांची रीत. जिव्यांनी बायकांची ती कला उचलली आणि लग्न नसतानाही रोज काढत बसले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णींनी कागद आणून दिला, तेव्हा ते चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. गेरूची जमीन, तांदळाचं पीठ, टोक चावून कुंचला केलेली बांबूची काडी, हे सगळं भिंतीवरून कागदावर आणणं हेही एक नवं शिक्षणच होतं. २०११ साली पद्मश्री मिळाली. मात्र त्यांचं नाव शाळा बुडवायला वापरणाऱ्यांनी याच मुलखातला दुसरा इतिहासही बघावा. लग्नासाठी सावकाराकडून थोडे रुपये घ्यायचे, अंगठा उठवायचा आणि मग नवरा-बायकोने वर्षानुवर्षं त्याच्या शेतावर राबायचं. त्याला लग्नगडी म्हणत. कागदावर आकडा किती लिहिलाय ते वाचता येत नसे, म्हणून कर्ज कधी फिटत नसे. त्याविरुद्ध १९४५ साली किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांच्या सोबतीने वारली उठले. अक्षर न येण्याची किंमत या जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या अंगमेहनतीने भरली आहे. तेव्हा शाळेची टिंगल जपून करावी, विशेषतः ज्यांची शाळा झालेली आहे त्यांनी.

एका माणसाला मात्र वयाची सबब माफ आहे. वाढवणच्या बंदराचा आकडा ७६,२२० कोटींचा, आणि किनाऱ्यावर आता कौशल्याच्या गोष्टी सुरू झाल्या आहेत. पन्नाशीच्या मच्छीमाराला कुणीतरी पंचविशीचा पोरगा सांगतो, काका, काहीतरी स्किल घ्या. अमावास्या-पुनवेचं उधाण, अष्टमीची भांग, डोल कुठे आणि कधी लावायची, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं, पण अर्जात त्याला रकाना नाही. त्यामुळे अर्जावर काका अकुशल. तो म्हणाला, ‘आता हे शिकायचं वय नाही रे बाबा,’ तर तो आळशी नाही. आयुष्यभराची विद्या देऊन वॉचमनची टोपी घेण्याचा सौदा त्याला परवडत नाही, आणि ‘वय झालं’ म्हणणं हा त्याच्या दृष्टीने नाही म्हणण्यातला सभ्य प्रकार आहे.

बाकी बोईसरच्या चाळींतून रात्रपाळी आटोपून आलेला एखादा हेल्पर चाळिशीत सेकंड क्लास बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेला बसलेला सापडतो. आठवीला सोडलेलं पुस्तक पुन्हा हातात. तोंडीला साहेब विचारतो, गेज ग्लासमध्ये पाणी दिसत नाहीये, काय करशील? घोकंपट्टीवाला घाईने म्हणतो, फीड पंप चालू करीन. तापलेल्या कोरड्या नळ्यांवर गार पाणी सोडलं तर काय होतं, हे ज्याने बॉयलरशेजारी दहा पावसाळे काढले आहेत त्याला ठाऊक असतं. तो म्हणतो, आधी आग बंद करीन, पाण्याला हात लावणार नाही. बरोबर आलं. मग साहेब एका व्हॉल्वचं इंग्रजी नाव विचारतो आणि तिथे गाडी अडते, कारण दहा वर्षं त्या व्हॉल्वला शॉपमध्ये सगळे ‘खालचा’ म्हणतात.

नापास झाला तर पुढच्या खेपेला पुन्हा फी भरायची, एवढीच त्याची तक्रार आहे. ती रास्त आहे. आणि पास झाला तर कृपा करून सर्टिफिकेट लॅमिनेट करू नये; फर्स्ट क्लासची परीक्षा अजून बाकी आहे.