मुक्या जिवाच्या वतीने क्षमा कोणी करावी?

उपासक-उपासिकांनो,

विहारात आपण पंचशील ग्रहण करतो. त्यांतले पहिलेच शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली तेरावी प्रतिज्ञा सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची आहे. हे सारे आपल्या घरांतील मुलांनाही तोंडपाठ असते. पण शील मोडले तर पुढे काय करावयाचे, हे फारसे कोणी सांगत नाही. आज त्याचाच विचार करू.

समजा, दिवाळीत वस्तीतल्या पोरांनी एका कुत्र्याच्या शेपटीला फटाक्यांची माळ बांधली. कुत्रे भाजले, केकाटत गल्लीभर पळाले. आता घराघरांतून तीन मते निघतील. एकजण म्हणेल, "पोरं आहेत, जाऊ द्या." दुसरा म्हणेल, "झोडपून काढा एकेकाला." तिसरा म्हणेल, "आपला धम्म करुणेचा, तेव्हा क्षमा करून टाका." या तिघांत धम्माला धरून कोण बोलला? नीट पाहिले तर एकही नाही.

भगवान बुद्धांचे वागणे पाहा. 'उदान' या ग्रंथात श्रावस्तीजवळची एक हकीकत आहे. तथागत भिक्षेसाठी निघाले असता वाटेत काही मुले मासे पकडून त्यांचा छळ करीत होती. तथागत त्यांना टाळून पुढे गेले नाहीत आणि त्यांनी मुलांवर हातही उगारला नाही. ते मुलांजवळ गेले आणि त्यांनी विचारले, तुम्हाला दुःखाची भीती वाटते का? दुःख तुम्हाला नकोसे वाटते का? मुले हो म्हणाली. तेव्हा त्यांनी बजावले की असे असेल तर उघडपणे किंवा लपूनछपून पाप करू नका. केलेत तर पळून जाऊनही दुःखातून सुटणार नाही. या बोलण्यात मुलांविषयी माया आहे, आणि केल्या कर्माची जबाबदारीही आहे. दोहोंपैकी एक काढले तर उपदेश लंगडा होतो.

दुसरी गोष्ट राजा अजातशत्रूची. त्याने राज्यलोभाने आपला बाप बिंबिसार याला मारले. पुढे एका पौर्णिमेच्या रात्री तो राजगृहात तथागतांकडे आला आणि त्याने आपला अपराध कबूल केला. तथागतांनी ती कबुली स्वीकारली. ते म्हणाले की अपराधाला अपराध म्हणून पाहणे, धम्माप्रमाणे त्याची दुरुस्ती करणे आणि पुढे संयम पाळणे, यातच माणसाची वाढ आहे. पण राजा निघून गेल्यावर त्यांनी भिक्खूंना सांगितले की या राजाने स्वतःचे फार नुकसान करून घेतले आहे. पित्याला मारले नसते तर याच आसनावर त्याची धम्मदृष्टी उघडली असती. म्हणजे कबुली स्वीकारली गेली, तरी कर्म पुसले गेले नाही. अंगुत्तर निकायात तथागत दोन प्रकारचे मूर्ख सांगतात. आपला अपराध अपराध म्हणून न पाहणारा हा एक, आणि दुसऱ्याने रीतसर कबुली दिली असता ती न स्वीकारणारा हा दुसरा. "जाऊ द्या" म्हणणारा मुलांना पहिल्या मूर्खाच्या वाटेला लावतो. "झोडपून काढा" म्हणणारा स्वतः दुसऱ्याच्या वाटेला जातो.

आता तिसऱ्याचे, झटपट क्षमा करणाऱ्याचे पाहू. माणसाचा अपराध झाला तर तो माणूस तोंडाने म्हणू शकतो की मी क्षमा केली. भाजलेले कुत्रे काय म्हणणार? ज्याची कातडी जळली त्याला वाचा नाही, आणि ज्याचे काही जळले नाही तो ओट्यावर बसून क्षमा वाटतो! जे आपले नाही ते दान कसे देता येईल? म्हणून मुक्या जिवाच्या बाबतीत क्षमेचे माप एकच: त्या जिवासाठी आता काय केले? मुलांनी कुत्र्याच्या जखमेला औषध लावले का? त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेले का? ते बरे होईपर्यंत रोज पाणी-भाकरी घातली का? एवढे झाले की मग मात्र त्या मुलांना पुन्हा टोचून बोलू नये. तीच खरी क्षमा.

आपल्या जुन्या जातपंचायतीही न्याय करीत असत. अपराध्याला दंड ठोठावला जाई, त्या दंडाचे जेवण पंच जेवत, नाहीतर माणसाला वाळीत टाकत. ज्याचे नुकसान झाले त्याच्या हाती काय पडे? धम्माचा न्याय तसा नाही. त्यात भरपाई दुखावलेल्याला मिळाली पाहिजे आणि अपराधी माणूस सुधारून आपल्यांत राहिला पाहिजे. बहिष्काराची धग ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली, त्यांनी ती दुसऱ्याला देऊ नये.

दीघ निकायात कूटदंत ब्राह्मणाची कथा आहे. यज्ञासाठी त्याने सातशे बैल आणि शेकडो वासरे, बकरे, मेंढे खांबाला आणले होते. तथागतांचा उपदेश ऐकून तो शरण आला आणि त्याने ती सारी जनावरे सोडून दिली. नुसता पश्चात्ताप बोलून तो थांबला नाही. सम्राट अशोकाने तर आपल्या मुदपाकखान्याचा हिशेब शिलेवर कोरून ठेवला. पूर्वी तेथे रोज लाखो प्राणी मारले जात. आता दोन मोर आणि एक हरीण एवढेच मारले जातात, हरीणही नेहमी नाही. आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. राजा असून त्याने आपली उणी बाजू झाकली नाही. आपल्या घरांनीही मरीआईचा बकरा आणि कोंबडे सोडले. ते केवळ देवी सोडली म्हणून सोडले की त्या जिवाची दया आली म्हणून, हे एकदा मनाला विचारावे.

तुम्ही म्हणाल, आमच्या घरी मासे-मटण शिजते, मग आम्ही कोणत्या तोंडाने बोलावे? बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात याचा उलगडा केला आहे. मारण्याची गरज आणि मारण्याची हौस यांत त्यांनी फरक केला, आणि अहिंसा हा आंधळा नियम नसून विचाराने पाळावयाचे तत्त्व आहे असे मांडले. ताटातल्या अन्नाचा विचार ज्याने त्याने या कसोटीवर करावा. पण बैलाला खिळ्याची पराणी टोचणे, कोंबड्यांच्या झुंजी लावणे, पिल्लांना दगड मारून हसणे, यांत गरज कोठे आहे?

कायद्याची मदत घेणे हा सूड नव्हे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. १९६५ च्या नियमांनी ओझ्याच्या जनावराला दिवसात नऊ तासांहून अधिक जुंपण्यास आणि पारा ३७ अंशांवर असता दुपारी १२ ते ३ राबविण्यास मनाई केली. १९७६ च्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. जनावराला ठार मारणे, विष घालणे किंवा पंगू करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. जाणत्या माणसाने समजूनउमजून क्रूरता केली आणि सांगूनही ऐकले नाही, तर चौकीवर जाऊन तक्रार द्यावी.

मात्र काठी आपल्या हाती घेऊ नये. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमध्ये उना येथे, मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या तरुणांना गोरक्षक म्हणवणाऱ्यांनी गाडीला बांधून मारले. जनावराचे नाव घेऊन माणसाला फोडून काढणारी ती दया नव्हे, जातीचा माज होय. त्या मारणाऱ्यांकडूनही जबाब घ्यावयाचा तो कायद्याने, आणि पुरता घ्यावयाचा.

तेव्हा मातांनो, वडीलधाऱ्यांनो, पुढच्या वेळी पोराच्या हातून असे काही घडले तर त्याला जवळ बसवा. तथागतांनी श्रावस्तीच्या मुलांना विचारले तेच विचारा. त्याच्या तोंडून चूक कबूल करून घ्या, त्या जिवाची सेवा त्याच्याच हातून करवून घ्या, आणि मग त्याच्या पाठीवरून हात फिरवा. हा क्रम उलटा करू नका.

जय भीम. नमो बुद्धाय.